निळ्या फिएटचं पॉलिश

३ डिसेंबर १९९१

यांचे धाकटे भाऊ येऊन गेले. कुंडलिक भाऊजी. शहाडहून मुद्दाम आलेले. चहा घेता घेता खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "वहिनी, गाडी नुसती उभी राहून सडतेय. विकून टाका. दादा आता थोडाच चालवणार आहे?"

हे आतल्या खोलीत जागेच होते. दार सताड उघडं. मी म्हटलं, "हळू बोला. आणि चालवतील. डॉक्टर नाही म्हणालेले नाहीत."

डॉक्टर हो म्हणालेत असंही नाही. पण ते भाऊजींना कशाला सांगू?

ऑगस्टमध्ये झटका आला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. पाय थोडा परत आलाय, काठी घेऊन दारापर्यंत जातात. बोलण्यात मात्र एकच शब्द उरलाय – 'शनिवार'. भूक लागली तरी शनिवार, पंखा बंद कर म्हणायचं तरी शनिवार. का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कॅलेंडर आणून दाखवलं होतं. काय नजर होती तेव्हा यांची!

५ डिसेंबर

व्यायामाच्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू पुन्हा भिरकावला. बाई म्हणाल्या, "त्यांच्या मनातच नाही, तर मी काय करू?"

गाडी गेली तर उरलंसुरलं मनही जाईल. विकणार नाही.

८ डिसेंबर

गाडीवरची ताडपत्री काढली. बघवेना. आत ओल धरून बॉनेटवर, टपावर पांढुरके डाग. एवढा गर्द निळा रंग, तो खडूसारखा झालाय. हात फिरवला तर तळव्याला निळसर भुकटी.

पिवळं फडकं घेतलं आणि पुसायला लागले. तर हे दारात – काठी आपटत, "शनिवार! शनिवार!" ऑगस्टपासून एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता मी.

मग लक्षात आलं. धुळीवर कोरडं फडकं घासायचं नाही, ओरखडे पडतात – किती वर्षं सांगायचे मला. बादली आणली. वरून पाणी सोडलं, धूळ आधी वाहून जाऊ दिली. तेव्हा शांत झाले. गाडी सुकेपर्यंत दारातच उभे होते.

९ डिसेंबर

आज स्वतःहून खुर्ची बाहेर नेण्याची खूण केली.

११ डिसेंबर

नौपाड्यात गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे एकही बाई नव्हती. दुकानदाराने विचारलं नाही, ऐकलं नाही, बाटलीच पुढे केली. "मॅडम, ये लगाओ, शीशे जैसा चमकेगा." दुधासारखं पातळ पॉलिश. लावलं आणि खरंच चमकली! शेजारच्या कमळाबाई गॅलरीतून म्हणाल्या, "अगं बाई, नवी घेतलीत की काय?"

यांनी तोंड फिरवलं.

१३ डिसेंबर

चमक गेली. वर धूळ चिकटलीय आणि डाग होते तसेच. वरून तेलकट हात फिरवल्यासारखं झालं, खालचा मेलेला रंग तसाच राहिला. हे ना चिडले ना काही. त्या बाटलीकडे बघत नाहीत, एवढंच.

१६ डिसेंबर

माजिवड्याला दामाजीच्या गॅरेजवर गेले. गाडीचं रंगाचं काम यांनी नेहमी त्याच्याकडूनच करून घेतलेलं. तो सरळ स्कूटर काढून माझ्याबरोबर घरी आला. यांच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. मी आत चहा टाकत होते. बाहेरून दामाजीचं बोलणं ऐकू यायचं, मध्येच शनिवार, पुन्हा दामाजी. बराच वेळ. कुणीतरी यांच्याशी बोलतंय याचंच मला बरं वाटलं.

निघताना त्याने एक डबी दिली. "वहिनी, घासायचं कंपाउंड दोन जातीचं येतं. जाड लावलंत तर रंग खरवडून खालचा थर दिसेल. हे बारीक आहे. आधी हे, मग पॉलिश, शेवटी मेण. आणि कडांना जोर लावू नका, तिथे रंग पातळ असतो." साहेबांना विचारून करा, असंही म्हणाला. स्कूटरजवळ थांबला, काहीतरी बोलणार होता, मग गेला.

२० डिसेंबर

डिकीच्या खालच्या कोपऱ्यात डबीतलं कंपाउंड लावून बघितलं. फडकं निळंभोर! रंगच काढला की मी! फडकं तसंच यांच्याकडे नेलं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, मला परत गाडीकडे नेलं, त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. वरचा खडू निघून खालून जुना रंग वर आलेला. घेतली तेव्हाचा.

२ जानेवारी १९९२

रोज थोडी थोडी होते. काल दरवाजा झाला. मी सरळ हात मारते, हे बसून बघतात, चुकलं की काठी वाजते.

आज माझ्या हातातून फडकं घेतलं. उजवा हात फडक्यावर ठेवला आणि वरून डाव्या हाताने दाबून ढकलायला लागले. उजवा नुसताच घसटत जायचा. मग थोड्या वेळाने डावा काढून घेतला. उजवा तसाच सरकला. वीतभर असेल. पुन्हा मागे आला.

मी आत जाऊन नळ सोडून रडले.

१२ जानेवारी

मेणाचा घोळ. एक पातळ, बाटलीतलं, लावायला सोपं. दुसरं चपट्या डब्यातलं घट्ट, हाताला काम फार. दुकानदाराच्या भरवशावर आता राहायचं नाही. अर्ध्या बॉनेटला एक, अर्ध्याला दुसरं लावलं. सावलीत, पातळ थर, धुकं धरल्यासारखं सुकलं की पुसून काढायचं.

१९ जानेवारी

दोन्हीकडे पाणी ओतलं. पातळवाल्या बाजूला पाणी पसरून राहिलं. घट्टवाल्यावर अजूनही थेंब मोत्यासारखे गोल, गाडी जराशी हलवली की ओघळतात. यांना विचारायची गरजच पडली नाही. तरी विचारलं. डब्याकडे बोट केलं त्यांनी. जरासे हसलेसुद्धा.

२६ जानेवारी

भाऊजी आले. गाडी बघून थक्क. हे टपावर उजव्या हाताने मेण पुसत होते, उभे राहून. मी म्हटलं, "बघा. पाडव्याला तुम्हाला शहाडला सोडायला येतील." भाऊजी म्हणाले, "मी चुकलो वहिनी."

यांचा हात थांबला होता. माझ्याकडे बघितलं, मग खाली. दमले असतील.

आता काचा आणि क्रोम तेवढं राहिलंय.

९ फेब्रुवारी

सकाळी दामाजी एका नवराबायकोला घेऊन आला, गाडी दाखवायला. मी म्हटलं, विकायची नाहीये. दामाजी गडबडला. "वहिनी, मी डबी दिली ना, साहेबांनी त्याच दिवशी सांगितलेलं. गाडीवर हात ठेवला, मग स्वतःच्या छातीवर, आणि मान हलवली. नाही म्हणून. मग रस्त्याकडे हात केला. चांगल्या घरी जाऊ दे, असं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मी वळून बघितलं. हे माझ्याकडेच बघत होते. घाबरल्यासारखे.

आत गेले आणि गाडीचे कागद काढून आणले.