सकाळचा कप नापास

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. (वाकून केला असं समज, कंबर धरलीय.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींची शुगर ताब्यात आहे ना? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर साडेनऊ वाजलेत आणि माझ्या पोटात अजून कॉफीचा थेंब नाही.

यांनी चौतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली, ते तुला ठाऊकच आहे. दुसऱ्यानं बनवलेला माल मोजायचा आणि केसभर फरक निघाला की लाल खडूनं फुली मारून परत पाठवायचा. माणूस गोड, पण हाताला सवय ती. त्यात निवृत्तीनंतर बापाचं मन रमावं म्हणून मुलानं वाढदिवसाला कॉफीचं अख्खं बिऱ्हाडच पाठवलं. भाजलेल्या बिया, त्या दळायचं हातयंत्र, इवलासा वजनकाटा, शिवाय नाना तऱ्हेची भांडी. (आईच्या वाढदिवसाला फोन आला होता. दोन मिनिटं.)

तेव्हापासून स्वयंपाकघर माझं राहिलेलं नाही. सहाला उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून हे ओट्यापाशी हजर! अठरा ग्रॅम बिया मोजायच्या. एखादी जास्त झाली की काढायची, मग वजन कमी भरतं म्हणून तिच्याहून बारकी शोधायची. मग दळण, मग कागदाची गाळणी. तिच्यात चमचाभर पाणी ओतून थांबायचं, कॉफीला फुलायला पंचेचाळीस सेकंद द्यावे लागतात म्हणे. (एकतीस वर्षांच्या संसारात मला कुणी सलग पंचेचाळीस सेकंद दिल्याचं आठवत नाही.) मध्येच मी गॅस बंद करू का विचारलं, तर धार हलली म्हणून सगळी कॉफी सिंकमध्ये. एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि वहीत लिहितात, नापास. बरं, तो नापास कप मला द्यावा, तर तेही नाही. खराब माल गिऱ्हाइकाच्या हाती जाता कामा नये! गिऱ्हाईक म्हणजे मी.

गाळणीनंतर फ्रेंच प्रेस आला, म्हणजे दांडा दाबायचा काचेचा लोटा. त्याला जाडसर दळण लागतं, यांचं झालं होतं पिठासारखं. दांडा हलेना, तेव्हा यांनी सगळा भार टाकला आणि कॉफी थेट छताला! मी फडकं घेऊन आले, तर हे स्टुलावर चढून तो डाग पट्टीनं मोजताहेत. पुढे मोका पॉट. त्यात खालचं पाणी वाफेच्या जोरावर वर चढतं. त्याची रबरी रिंग यांनी काढून मोजली आणि गोल नाही म्हणून बाद केली. बिनरिंगेचं भांडं गॅसवर असं काही फुसफुसलं की शेजारची नर्स धावत आली. बिचारीनं तो कप पिऊन फर्स्ट क्लास झालीय म्हटलं. त्या दिवसापासून हे तिच्याकडून बीपी तपासून घेत नाहीत.

माझ्या नाकी नऊ आलेत, ताई. पंधरा दिवस तुझ्याकडे येऊन राहते. तू करशील ती कॉफी मी मुकाट्यानं पिईन.

तुझी,
धाकटी

ता. क. येते म्हटलं ते खोडलंय असं समज. मला इथून हलता येत नाही. त्याचं असं आहे की, कॉफी झाली की हे फिरायला जातात आणि मी त्या दळणयंत्राची जाड-बारीक ठरवणारी चकती दोन घरं फिरवून ठेवते. रोज. कधी जाड, कधी बारीक. हसू नकोस. निवृत्तीनंतरचा पहिला महिना मी तुला कळवलाच नव्हता. दुपारी तीन-तीन वाजेपर्यंत पायजम्यात, खिडकीशी बसलेले. काय झालं विचारलं की, काही नाही. फार घाबरले होते गं मी. कॉफीचं सामान आलं आणि माणूस उठून दाढी करायला लागला. पण चौथ्याच दिवशी घोट घेऊन म्हणाले, “जमली की. झालं आता.” तो आवाज खिडकीशी बसायचे त्या दिवसांतलाच होता. दुसऱ्या दिवसापासून मी चकतीला हात घातला.

ता. क. २. तेव्हा तुम्हीच या. फक्त भाऊजींना त्या यंत्राला हात लावू देऊ नकोस, त्यांना दिसेल ते दुरुस्त करायची खोड आहे. आणि कॉफी कितीही झकास झाली तरी दोघांनीही तोंड वाकडं करायचं.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी चकती फिरवायला गेले, तर तिच्यावर पेन्सिलची बारीक खूण! वही उघडून पाहिली. गेले तीन आठवडे रोज लिहिलंय, “चकती दोन घरं हललेली. पूर्ववत केली.” म्हणजे कॉफी नीटच होत असणार. आणि खाली रोज, आजसुद्धा, नापास. मी वही होती तशी ठेवली आणि चकती दोन घरं फिरवली. तोंड वाकडंच करा हं.