चौथं बटण

९ मार्च

ताई,

नमस्कार, पण रागातला. आईचा गुडघा बरा आहे, रस्ता ओलांडण्यापुरती चालते. दुकानाचं छत अजून गळतंय. आणि तू पाठवलेला त्या इंजिनियरचा फोटो न बघताच परत पाठवतेय. पुरे झालं आता!

पहिल्याने दोन वर्षं झुलवलं आणि "आई ऐकत नाही" म्हणाला. दुसऱ्याने स्वतःच्या लग्नाचा सूट माझ्याकडेच शिवायला टाकला, नवरी दुसरीच. आणि मी मूर्ख, शिवलासुद्धा! तिसऱ्याचं नावच काढू नकोस. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, मी तर ताक प्यायचंच सोडलंय.

आता हा रस्त्यापलीकडचा, समोरच्या चष्म्याच्या दुकानातला. महिन्यात तीनदा शर्टाचं बटण तुटलं म्हणून आला. ताई, मी लावलेलं बटण तुटत नाही, तुला माहीत आहे. एक वेळ कापड फाटेल. काल पुन्हा तोच निळा शर्ट, तेच वरून चौथं बटण. मी दोरा उजेडात धरला. झिजलेल्या दोऱ्याचं टोक पिंजतं, हे सरळ होतं. कात्रीने कापलेलं!

मी भडकलेच. गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "मी काय दूधखुळी वाटले? बटणं कापून आणता?"

कानापर्यंत लाल झाला. "दुसरं निमित्त सुचलं नाही हो."

"पुन्हा येऊ नका."

"बरं," म्हणाला आणि शर्ट इथेच टाकून गेला.

बरं म्हणे! भांडायचं तरी! सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. एका फ्रॉकला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, परत उसवत बसले.

तू म्हणशील, तुला काय फरक पडतो? पडतो, बाई, पडतो. भीती वाटते मला. आधीचे तिघे निदान नजरेआड झाले. हा समोरच बसतो. याच्याकडूनही हसं झालं, तर दुकान कुठे हलवू?

आत्ताच शर्ट इस्त्री करून आईच्या हाती पाठवला. बटण लावलंय. पण जिथे दोऱ्याचे आठ वेढे घेते तिथे एकच घेतलाय, गाठही मारलेली नाही. उद्यापर्यंत आपोआप सुटेल, कात्री लागायची नाही.

कुणाला बोलू नकोस.

आयुष्यात पहिल्यांदाच कच्चं काम केलेली,
तुझी धाकटी