एकेचाळिसावी खिडकी

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.४०

नवीन आर्थिक वर्ष, नवीन संकल्प. सिस्टीमवर उघड्या पडलेल्या सगळ्या खिडक्या या महिन्यात बंद करणार म्हणजे करणार.

आज मोजल्या. एकेचाळीस. फुलीवर दाबलं तर बंद होत नाहीत, ओढलं तर हलत नाहीत, नुसत्या बसून आहेत. त्यांच्या गर्दीत गेटपासची खिडकी शोधावी लागते आणि तोवर वाडी नाक्यापर्यंत ट्रकांची रांग लागते. गेटपास काढणारी सोनिका म्हणाली, सर, डायवर लोक शिव्या देऊन राहिले. मी तिला शांतपणे समजावलं. आपली सिस्टीम स्मॉलटॉक नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत आहे. यात प्रोग्राम, माल, उघड्या खिडक्या, सगळं एकाच फाइलमध्ये राहतं. तिला इमेज म्हणतात. संध्याकाळी सेव्ह केलं की जे जसं आहे तसं गोठतं आणि सकाळी तसंच्या तसं जागं होतं. अशी सोय दुसऱ्या कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आहे?

ती म्हणाली, म्हणजे कालचा कचरा आज परत.

पोरीचं बेसिक कच्चं आहे.

अंदाजे लागणारा वेळ: दोन दिवस.

३ एप्रिल, गुरुवार

एकेचाळीस. मार्चएंडचा थकवा अजून गेलेला नाही. शिवाय कूलरला नवीन वाळा बसवायचा होता. तो बसवल्याशिवाय डोकं चालत नाही.

७ एप्रिल, सोमवार

रजतने केबिनमध्ये बोलावलं. मोठे शेठ गेल्यापासून गोदाम तोच पाहतो. एमबीए आहे. मला काका म्हणतो, बसायला खुर्ची देतो, आणि मग ऐकवतो. म्हणाला, काका, तीस तारखेपर्यंत हे क्लिअर करा, नाही तं एक तारखेपासून मी पुण्याचं सॉफ्टवेअर लावून राहिलो.

मी त्याला आठवण करून दिली की २००३ साली त्याच्या बाबांनी मला आणि प्रेमानंदला खास बोलावून ही सिस्टीम करून घेतली. बावीस वर्षं चालू आहे. डिझाइन माझं. प्रेमानंदने फक्त कोड लिहिला. कोड म्हणजे शेवटी टायपिंगच.

रजत म्हणाला, आता प्रेमानंदकाका नाहीत ना, म्हणून तं म्हणतो.

याचा अर्थ काय घ्यायचा? खिडक्या प्रेमानंदनेच उघड्या टाकल्यात. त्याला काहीही बंद करायची सवय नव्हती. मी बावीस वर्षं त्याला सांगत होतो. आता तो सप्टेंबरमध्ये गेला आणि निस्तरायला मी.

९ एप्रिल, बुधवार. दुपारी

शोभाताईंचा फोन. प्रेमानंदच्या मिसेस. आठवडाभरात तिसरा. म्हणाल्या, भाऊजी, हे रोज संध्याकाळी घरी आले का सांगत, आज डब्याचं लिहून ठेवलं म्हणून. काय भाजी होती, कशी झाली होती, सारं. तेवढं कागदावर काढून द्या ना. मले वाचाचं हाये.

खरं आहे. प्रेमानंद जेवण झालं की एका खिडकीत दोन ओळी टाइप करायचा. तिला तो वही म्हणायचा. तिची तीन मिलीमीटर कड आजही दिसते, खाली डाव्या कोपऱ्यात, चाळीस खिडक्यांच्या मागे. ऑफिसच्या सिस्टीममध्ये वांग्याच्या भाजीची नोंद! मी त्याला तेव्हाही बोललो होतो.

शोभाताईंना म्हणालो, दहा मिनिटांचं काम आहे, प्रिंट काढून आणून देतो. तीन मेला त्यांच्या लग्नाची तारीख असते. त्याच्या आत देतो म्हणालो. शब्द दिला म्हणजे दिला.

आधी खिडक्या. मग वही. कामाचा क्रम महत्त्वाचा.

१२ एप्रिल, शनिवार

एकेचाळीस. मशीन रीस्टार्ट केलं. उठलं तेव्हा सगळ्या जागच्या जागी.

घरी भैरवी, आमची मिसेस, विचारत होती, शोभाताईंचं काम केलं का. म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. ती म्हणाली की शब्द देताना प्रोसेस आठवत नाही तुम्हाला. तिला ऑफिसातलं काही सांगायला नको.

१५ एप्रिल, मंगळवार

मोठं यश! गूढ उकललं.

खिडक्या मेलेल्या नाहीत. फुली दाबली की सिस्टीम एक छोटा प्रश्न विचारते: यातला मजकूर सेव्ह केलेला नाही, टाकून देऊ का? हो की नाही? आणि हा प्रश्न बाकीच्या खिडक्यांच्या मागे उघडतो. आपल्याला दिसत नाही. उत्तर मिळेपर्यंत ती बिचारी थांबून राहते आणि आपण म्हणतो अडकली.

हे मी शोधलं. म्हणजे सोनिकाने एक खिडकी बाजूला सरकवताना पाहिलं आणि म्हणाली, सर, हे अटकलं नाही, हे तं विचारून राहिलं. पण त्याचा तांत्रिक अर्थ मी लावला.

१६ एप्रिल, बुधवार

सोनिकाने वीस बंद केल्या. हो, हो, हो करत. मी देखरेख केली.

वही तेवढी राहू दे म्हणालो. तिचं मी स्वतः बघतो.

१७ एप्रिल, गुरुवार

चाळीस बंद. गेटपास अर्ध्या मिनिटात निघतो. रजत येऊन पाहून गेला. म्हणाला, वा काका. पुण्याचं नाव काढलं नाही. माझ्या अंदाजाने तो विषय संपला.

आता स्क्रीनवर गेटपास आणि वही. आडोसा गेल्यामुळे वही जरा मोठी दिसते. गेटपासची खिडकी ओढून तिच्यावर ठेवली. नजर विचलित होते.

प्रिंट उद्या. प्रिंटरचा रंग फिका येतो आहे, चांगली प्रिंट द्यावी म्हणतो.

१९ एप्रिल, शनिवार

प्रिंट काढायला बसलो. प्रिंटच्या आधी मजकूर तपासावा लागतो, म्हणून वरवर पाहिला. बरीच वर्षं लिहिलंय गड्याने.

"भरली वांगी. मीठ कमी. सांगणार नाही."

"पातोडी. मधूने तीन खाल्ल्या, मला दोन. घरी सांगितलं, सगळ्या मीच खाल्ल्या. खूश झाली."

"मेथी. पुन्हा मेथी. तरी चांगली."

असलं पानंच्या पानं. हसू आलं. मधू म्हणजे मी. मला त्याच्याकडची पातोडी आवडायची हे खरं आहे.

मग शेवटी काय आहे ते पाहावं म्हणून खाली गेलो. शेवटची नोंद १८ सप्टेंबरची. "डबा उघडला नाही. सकाळपासून छाती जड. मधू म्हणतो"

पुढे तीन ओळी होत्या. वाचल्या नाहीत. दुसऱ्याची खाजगी वही वाचू नये, हा माझा नियम आहे.

गेटपास परत वर ओढला. प्रिंट सोमवारी.

२१ एप्रिल, सोमवार

कागद संपले.

२२ एप्रिल, मंगळवार. पहाटे ५.३०

उकाडा. झोप नाही. एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कधी प्रश्न निघाला तर असावी.

१८ सप्टेंबरला दुपारी दीडच्या सुमारास प्रेमानंद म्हणाला, मधू, छाती जड वाटून राहिली गा. मी म्हणालो, गॅस असेल, रात्रीचं हरभऱ्याचं नडलं असेल. गॅसची गोळी दिली. माझ्याजवळची. पाणीही दिलं. तो म्हणाला, घरी सोडून देतो का स्कूटरवर? मी म्हणालो, स्टॉकचा रिपोर्ट पाचला शेठला द्यायचा आहे, तेवढा होऊ दे, मग सोडतो. यात गैर काय? कोणीही हेच म्हणालं असतं. मी डॉक्टर नाही. रिपोर्ट त्याच्याशिवाय निघत नव्हता. साडेतीनला तो खुर्चीवरून खाली आला.

दोन तासांत काय झालं असतं आणि काय नसतं, हे कोणी सांगू शकत नाही.

रिपोर्ट त्या दिवशी गेलाच नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

शोभाताईंचा फोन उचलला नाही. मीटिंगमध्ये होतो. (मीटिंग नव्हती, पण होऊ शकली असती.)

फक्त शेवटच्या चार ओळी काढून बाकीची प्रिंट द्यावी, असाही एक पर्याय आहे. पण मजकुरात फेरफार करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. द्यायचं तर पूर्ण द्यायचं.

२५ एप्रिल, शुक्रवार. सायंकाळी ६.१०

रजत आला होता. सहज स्क्रीनकडे बोट केलं. काका, चाळीस बंद झाल्या, ही एक काहून ठेवली?

बरोबर विचारलं. काम म्हणजे पूर्ण काम. एकेचाळीस म्हणजे एकेचाळीस. ठरवलं, आजच.

फुली दाबली. प्रश्न आला. मजकूर सेव्ह केलेला नाही, टाकून देऊ का? हो. नाही.

पंधरा मिनिटं तसाच बसलो. माउसवर बोट होतं. दाबलं जाईना. माउसही जुना झाला आहे.

मग आठवलं की याला एक रीतसर उपाय आहे. प्रत्येक खिडकीच्या मागे एक वस्तू असते, तिला मॉडेल म्हणतात. प्रश्न विचारते ती खरं म्हणजे तीच. कोडमध्ये सांगायचं की या खिडकीचं मॉडेल निल. म्हणजे हिच्या मागे कोणीच नाही. मग डिलीट म्हणायचं. विचारणारं कोणी उरलं नाही की सिस्टीम विचारत नाही. एका ओळीचं काम. प्रेमानंदनेच शिकवलं होतं मला. म्हणजे दोघं मिळून शिकलो होतो.

लिहिलं. चालवलं. गेली.

'हो' मी म्हटलेलं नाही. हे लक्षात असू द्यावं.

इमेज सेव्ह केली. बॅकअपच्या पेनड्राइव्हवरही हीच टाकली, दोन्ही एकसारख्या असाव्यात म्हणून. एकेचाळीसपैकी एकेचाळीस. पाच दिवस शिल्लक असताना.

स्क्रीन एकदम मोठा दिसतो.

२६ एप्रिल, शनिवार

केवळ तांत्रिक उत्सुकतेपोटी पाहिलं की असा मजकूर परत येतो का. स्मॉलटॉक दुसऱ्या एका फाइलमध्ये सगळ्या बदलांची नोंद ठेवतं. पण ज्याला ॲक्सेप्ट, म्हणजे खिडकीतला मजकूर पक्का कर, असं म्हटलं त्याचीच. प्रेमानंदने वहीला कधी ॲक्सेप्ट म्हटलं नाही. उघडी ठेवली तर असतेच की, म्हणायचा.

रविवारी येऊन पुन्हा पाहीन.

२७ एप्रिल, रविवार

पाहिलं. गोदामात वॉचमनशिवाय कोणी नव्हतं. सकाळी नऊ ते तीन. जुनी सीडी सापडली, २०११ ची. त्यात वही होती. रिकामी. तेव्हा लिहायला सुरुवात केलेली नसावी.

एक नवीन खिडकी उघडून आठवेल तेवढं टाइप करून पाहिलं. भरली वांगी. पातोडी. मेथी. तारखा आठवत नाहीत. आठ ओळी झाल्या. मला त्याच्यासारखं लिहिता येत नाही. पुसल्या.

३० एप्रिल, बुधवार

रजतने पेढे दिले. एक तारखेपासून पुण्याचं सॉफ्टवेअर. ते फेब्रुवारीतच ठरलं होतं म्हणे. मला तीस तारीख कशाला दिली विचारलं, तर म्हणाला, काका, तेवढा महिना तं काढाचा होता ना. आपलं मशीन स्टोअररूममध्ये जाईल. मी गेटच्या नोंदवहीवर बसावं, सावलीत खुर्ची देतो म्हणाला.

सोनिकाने मशीनची वायर काढली. शटडाउनही केलं नाही.

३ मे, शनिवार

शोभाताईंकडे गेलो होतो. आधी फोन केला नव्हता. त्यांनी फोटोला हार घातला होता. चहा ठेवला. विचारलं, आणलं का भाऊजी?

सांगायचं ते मी वाडीपासून गाडीवर पाठ करत आलो होतो. सगळं उघडून तपासलं, खिडकी न् खिडकी पाहिली, मशीनमध्ये तसं काही नव्हतं.

काहीच नाही? त्या म्हणाल्या.

काहीच नाही.

त्यांनी फोटोचा हार सरळ केला. मग म्हणाल्या, म्हणजे इतकी वर्सं मले बरं वाटावं म्हणून खोटंच सांगत होते का हे? रोज?

मी म्हणालो, असेल.

त्या म्हणाल्या, तुमी खरं सांगतलं, बरं केलं भाऊजी. नाही तं मी वाट पाहत बसली असती.

मी चहा संपवला आणि निघालो.