ओल्या पट्टीवरचा दणका

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना वेगळे, ते तुझ्याआधी म्हातारे झाले. मी ठीक आहे म्हणायचं, पण कसली ठीक? माझ्याच जिभेने मी वैमानिक नातीच्या पोटावर पाय आणलाय.

त्याचं असं झालं. तुझ्याकडे येताना तिचंच विमान होतं. लोण्यासारखं टेकलं. मी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. परततानाही तीच चालवत होती, पण खाली नुसता पाऊस. विमान हेलकावतंय, शेजारचा दाढीवाला डोळे मिटून पुटपुटतोय, मी खुर्चीचा दांडा समजून त्याचं मनगट आवळलेलं (त्याने सोडवलं नाही, त्यालाही गरज होती). जमीन दिसली आणि विमान पुन्हा वर! दुसऱ्या खेपेला धाडकन आपटलं ते माझी कवळी थेट दाढीवाल्याच्या मांडीवर.

कवळी बसवली आणि दारातल्या पिकल्या मिशीच्या साहेबाला सुनावलं, "अहो, घागरसुद्धा कुणी अशी आदळत नाही. हिला आणखी सहा महिने शिकवा!" मागे नात, पांढरीफटक. तो तिचा परीक्षक निघाला गं! त्याच फेरीवर तिची नोकरी पक्की व्हायची होती.

घरी एवढंच बोलली, "आजी, ओल्या धावपट्टीवर चाकं ठामच टेकवायची असतात. अलगद टेकवली तर पाण्यावरून घसरतात, ब्रेक लागत नाही. तू टाळ्या वाजवल्यास ना, त्या वेळी मी अलगदपणाच्या नादात अर्धी पट्टी वाया घालवली. बोलणी खाल्ली त्याबद्दल." मग अबोला.

धाकटे, ओल्या न्हाणीघरात अलगद पाऊल टाकूनच माझा खुबा मोडला ना? तेव्हापासून मी पाय दाणकन रोवते. पोरीने माझ्यासारखंच केलं आणि मीच तिला चारचौघांत... चुकले, चुकले, चुकले. (लिहिणारी थांबलीय. लिही म्हटलं.) निकाल आज यायचाय. फोन वाजला की छातीत

ता. क. वाजला, म्हणून वरची ओळ तुटली. पास! साहेब म्हणाला, आजी ओरडल्या तेव्हाच खात्री पटली, चाकं नीट टेकली.

आणखी एक. खरं काम हे, की पुढच्या महिन्यात तू हिच्याच विमानाने ये. दणका बसला की आधी टाळ्या, मग कवळी.

शेवटचं. हे लिहितेय कोण? तीच. बोलत नव्हती, पण पत्राला नाही म्हणाली नाही. 'चुकले' मी एकदाच म्हटलं होतं. कागदावर मात्र एकसारखी तीन चित्रं ओळीने बसलीत. मला अक्षरं येत नाहीत म्हणून मोजताही येत नाही की काय?

तुझी थोरली