लाख किलोमीटरची सर्व्हिस, घरच्या घरी

१ सप्टेंबर, रविवार

आज लाल गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा पाना उमटला. एक लाख किलोमीटर झाले, मोठी सर्व्हिस करा, असा त्याचा अर्थ. गॅरेजवाल्याकडे अजिबात देणार नाही. मागच्या वेळी त्याने माझी सीट मागे सरकवून ठेवली आणि रेडिओचं स्टेशन बदललं. टर्बो इंजिनाच्या गाडीला असा परका हात लागू देणं बरोबर नाही. सर्व्हिस मी स्वतः करणार.

त्यात अवघड काय आहे? विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम नामंजूर करण्यात माझी हयात गेली. गाडी कशाकशाने बिघडते हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं ती बनवणाऱ्यांनाही नसेल.

मुदत १५ तारीख. त्या दिवशी लेकीला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडायचंय. ठरलंय असं: लाल गाडीत मी आणि ती, मागून बायको तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीतून, म्हणजे मी जिला डबा म्हणतो त्यातून, सामान घेऊन. पाच तास लेक माझ्या शेजारी बसणार. एवढा वेळ ती शेवटची कधी बसली होती, आठवत नाही. रस्त्यात तिला आयुष्याबद्दल सांगायचे मुद्दे तयार आहेत.

बायको लाल गाडीला सवत म्हणते. दुर्लक्ष करतो.

२ सप्टेंबर, सोमवार

व्हिडिओ पाहिला. एक दाढीवाला हसत हसत तासाभरात सगळं उरकतो. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग. मी व्हिडिओ दुप्पट स्पीडने पाहिला, म्हणजे मला अर्धा तास लागेल. त्याची गाडी वेगळ्या मॉडेलची आहे, पण शेवटी इंजिन ते इंजिन.

बायकोने विचारलं, गाडीबरोबर ते जाडजूड पुस्तक आलं होतं, ते वाचणार नाही का? म्हटलं, पुस्तक ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी असतं. शिवाय ते मेहुण्याकडे आहे. मेहुणा म्हणजे तिचा भाऊ, दातांचा डॉक्टर. टायरमध्ये हवा किती भरायची यावरून आमचा वाद झाला, तेव्हा तो पुस्तक घेऊन गेला आणि आकडा माझाच चुकला एवढं कळवून परत द्यायला विसरला. मागायला जाणार नाही. काही मान आहे की नाही माणसाला.

५ सप्टेंबर, गुरुवार

खरेदी झाली. पान्यांचा सेट, जॅक, टेकू, टॉर्च, निळा ओव्हरऑल. ओव्हरऑल घालून पार्किंगमध्ये एक फेरी मारली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी मला ओळखलंच नाही. लिफ्ट कधी चालू होणार, असं विचारलं. संध्याकाळपर्यंत, म्हणालो.

७ सप्टेंबर, शनिवार, सकाळी ८

आज सर्व्हिस. नाश्ता जरा उशिरा करीन म्हणतो, म्हणजे काम संपवूनच.

११.३०

गाडी वर चढली, मी खाली गेलो. खाली तेल सोडायचे दोन बोल्ट दिसले. दाढीवाल्याच्या गाडीला एकच होता. आपली परफॉर्मन्स कार, म्हणून दोन दिले असणार. त्यातला जो जास्त स्वच्छ होता तो उघडला.

तेल धरायला लेकीचा लहानपणीचा आंघोळीचा टब माळ्यावरून काढला. लेक बघायला खाली आली होती. म्हणाली, बाबा, मी यात मावत होते? गाडीखालून हो म्हटलं. आणखीही काही म्हणणार होतो, तेवढ्यात तेल आलं.

आणि काय तेल! लालसर, पातळ, जवळजवळ नवं. लाख किलोमीटरनंतर. माझ्या ड्रायव्हिंगचं याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? गॅरेजवाले चांगलं तेल फेकून उगाच नवं ओततात, हे आज पुराव्यानिशी सिद्ध झालं. तरी नियम म्हणून बदलणारच.

३.१५

ऑइल फिल्टर हलेना. दाढीवाल्याने दोन बोटांनी फिरवला होता. मी त्यात स्क्रूड्रायव्हर ठोकून आरपार घातला. आतून काळंकुट्ट तेल आलं. केसांत, बाहीत, एका कानात. म्हणजे सगळी घाण फिल्टरने धरून ठेवली होती, म्हणून खालचं तेल लाल. शास्त्र बरोबर जुळतंय.

६.४०

नवा फिल्टर बसवला, खालचा बोल्ट लावला आणि इंजिनात नवं तेल ओतलं. तेल मोजायच्या कांडीवर ते खुणेच्या पुष्कळ वर दिसतंय. कांडी आखूड दिलीय कंपनीने. थोडं सायलेन्सरवर सांडलं. प्लग उद्या.

फ्रिज, स्विचबोर्ड, बाथरूमचं दार आणि हॉलचा पडदा यांवर काळी बोटं उमटली आहेत, असं बायकोचं म्हणणं. घासूनही जात नाहीत म्हणे. काम करणाऱ्या माणसाच्या घरी हे व्हायचंच, म्हणालो. नाश्ता राहिलाच.

८ सप्टेंबर, रविवार

चारपैकी तीन प्लग बदलले. चौथा निघत नाही, म्हणजे तो चांगलाच असणार. एक छोटा पाना बोनेटमध्ये कुठेतरी पडला. पडल्याचा आवाज आला, पाना दिसला नाही.

दुपारी गाडी खाली उतरवून स्टार्ट केली. धूर. पांढरा, निळा, पुन्हा पांढरा. हेडमास्तर पाण्याची बादली घेऊन लांब उभे राहिले. रिव्हर्स टाकला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही. पुढे जायला ड्राइव्हवर टाकलं. तेच. दाढीवाल्याच्या व्हिडिओत हा भाग नाही. माझ्या मते नवं तेल मुरायला वेळ लागतो.

१० सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसात ज्युनियरला सहज विचारलं. समजा, एका गृहस्थाने घरच्या घरी तेल बदललं आणि गाडी हलेना झाली, तर क्लेम बसतो का? तो मान वर न करता म्हणाला, मालकाचा निष्काळजीपणा, नामंजूर. हे वाक्य मीच त्याला शिकवलं. पोरगा तयार झालाय. जरा जास्तच तयार झालाय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

तेल अजून मुरतंय. रोज सकाळी स्टार्ट करून बघतो. हेडमास्तरांनी त्यांची स्कूटर आता फाटकाबाहेर लावायला सुरुवात केलीय.

लेकीने विचारलं, बाबा, रविवारचं नक्की ना? नाहीतर आईच्या गाडीत मी जागा करून ठेवते. मला लागलं ते. नक्की म्हणजे नक्की, म्हणालो. मग ती म्हणाली, ठीक आहे, रस्त्यात ऐकायला तुझी जुनी गाणी पण घेतलीत.

ते ऐकल्यावर लगेच किल्ली घेतली. खाली जाऊन पुन्हा स्टार्ट केली. धूर.

१४ सप्टेंबर, शनिवार

लेक उद्या जाणार म्हणून मेहुणा जेवायला आला. येताना पुस्तक घेऊन आला, तेही कुणी न मागता. बायकोने फोन केला असणार. हात धुवायच्या आधी खाली गेला, टबात बोट बुडवलं, पुस्तकाचं एक पान उघडलं आणि गाडीखाली वाकून बघितलं.

मग म्हणाला, भाऊजी, हे लाल तेल इंजिनाचं नाही, गिअरबॉक्सचं आहे. तुम्ही दुसराच बोल्ट उघडलात. इंजिनातलं जुनं तेल तसंच आहे, त्याच्यावर तुम्ही नवं ओतलंत. इंजिन तुडुंब, गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत. गाडी हलणार कशी? पेशंटशी बोलतो त्या आवाजात पुढे म्हणाला, किडलेला दात तसाच ठेवून तुम्ही शेजारचा चांगला काढलात.

म्हटलं, मला अंदाज होता. बायको छताकडे बघत राहिली.  जेवण झाल्यावर लेक डब्याची किल्ली घेऊन खाली गेली आणि मागच्या सीटवर माझ्यापुरती जागा करून आली. रागावली असती तर बरं झालं असतं.

१५ सप्टेंबर, रविवार, सकाळी ६

एकदा शेवटची स्टार्ट करून पाहिली. काही गाड्या आपोआप सुधारतात. ही नाही.

संध्याकाळी

डब्यात पुढे बायको आणि लेक. मागे गादी, बादली, टेबल फॅन आणि मी. गादी उभी, माझ्या आणि त्यांच्या मधोमध. पुढे माझी गाणी लागली, दोघी बरोबर म्हणत होत्या. मी पहिला मुद्दा सांगायला घेतला. लेक म्हणाली, बाबा, गादीतून काही ऐकू येत नाही. दुसरा मुद्दा ओरडून सांगितला. तेवढ्यात बोगदा आला. मग मला झोप लागली.

हॉस्टेलच्या थोडं अलीकडे पेट्रोल पंपावर थांबलो. दोघी आत गेल्या होत्या, म्हणून मी डब्याचं बोनेट उघडून तेलाची कांडी काढून बघितली. तेल बरोबर खुणेवर. या गाडीकडे कुणी ढुंकून बघत नाही, तरी खुणेवर. कसं काय, कळत नाही. पुसायला फडकं मिळालं नाही. झाकण लावून गुपचूप गादीमागे जाऊन बसलो.

हॉस्टेलच्या फाटकाशी लेकीने मिठी मारली. लहानपणी मारायची तशी, घट्ट. सगळे मुद्दे तिथेच विसरलो. नीट राहा, एवढंच म्हणालो, तेही अर्धवट. ती वळून आत चालू लागली तेव्हा दिसलं, तिच्या नव्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर माझी पाच काळी बोटं. हाक मारणार होतो. तोवर ती आत गेली.

बायकोने रुमाल पुढे केला. मी हात पुसले. ती म्हणाली, हात नव्हे, डोळे पुसा. मग हातांनी काळा झालेला रुमाल डोळ्यांना लावला. परतीच्या वाटेवर टोलनाक्यावरचा माणूस माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत होता.

१८ सप्टेंबर, बुधवार

लाल गाडी आज क्रेनने गेली. हेडमास्तर टाटा करायला आले होते. म्हणाले, आता तरी लिफ्टचं बघा. दुपारी गॅरेजवाल्याचा फोन आला. इंजिनाशेजारी एक पाना सापडला, तो तुमचाच का? आणि साहेब, या वेळी रेडिओ कुठल्या स्टेशनवर ठेवू? त्याच्या मागे बरेच लोक हसत होते.

संध्याकाळी लेकीचा फोन. शर्ट तीनदा धुतला, बोटं जात नाहीत. खोलीतल्या मुली विचारतात, तुला कुणी मारलं की काय. मी म्हटलं, टाकून दे, नवा घेऊ. ती म्हणाली, नको, असू दे. घरची आठवण आली की तो घालून झोपते.

फोन ठेवून हॉलमध्ये गेलो. मग बायकोला सांगितलं, बघितलंस, माझ्या हातून एक तरी काम पक्कं झालं.

ती हॉलचा पडदा काढत होती. म्हणाली, एक नाही हो, घरभर झालंय.