सरासरीचं चॉकलेट

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण ती स्वतः कुरकुरत नाही. दर रविवारी तू तिला फोन करतेस, मी शेजारी पेपर उघडून बसतो आणि एकही ओळ वाचत नाही. शेवटी ती फोन माझ्याकडे देते, तू म्हणतेस, "शुगर ठीक आहे, बाबा," मी म्हणतो, "बरं." संपलं आपलं बोलणं. सव्वीस वर्षांच्या मुलीशी बापाने याहून जास्त काही बोलावं, हे मलाही कळतं. तोंडाने जमत नाही म्हणून लिहायला बसलोय.

आधी कारखान्यातली बातमी सांगतो. आमचा तो भेटीचा डबा तुला माहीत आहे, सोळा चॉकलेटांचा. चार प्रकार, प्रत्येकी चार: बदामाचं, कॅरमेलचं, दुधाचं आणि आत फळांची जेली असलेलं. डब्याच्या मागे जो पोषणाचा तक्ता छापतात तो माझ्या प्रयोगशाळेतून जातो. त्यासाठी आम्ही काय करतो माहितेय? सोळाच्या सोळा चॉकलेटं मिक्सरमध्ये घालून एकत्र वाटतो. तो चिकट तपकिरी गोळा तपासायचा, आकडे काढायचे आणि सोळाने भागायचं. एका चॉकलेटमध्ये आठ ग्रॅम कर्बोदकं. एकोणीस वर्षं मी त्या आठवर सही करत आलो. नियमाला धरूनच आहे ते, कुणी बोट ठेवणार नाही.

गेल्या हिवाळ्यात एका बाईंचं पत्र आलं. शिवणकाम करतात, सहा वर्षांची मुलगी आहे, तुझ्यासारखीच इन्शुलिनवर. मुलीने आमच्या डब्यातली तीन चॉकलेटं खाल्ली. आईने मागचा तक्ता वाचला, आठ त्रिक चोवीस केले आणि तेवढ्याचं इन्शुलिन दिलं. तासाभरात पोरीची साखर एकदम उतरली, ती घामाने भिजली, हातपाय कापायला लागले, बोलणं अडखळलं. बाईंनी घाईघाईने साखरेचं पाणी पाजलं, ती सावरली. पत्रात राग नव्हता. एवढंच विचारलं होतं, "मी काही चुकले का? चुकले असेन तर सांगा, म्हणजे पुन्हा चुकणार नाही."

मी ते पत्र खिशात घालून दिवसभर फिरलो. मग बाईंना फोन केला आणि मुलीने कुठली तीन खाल्ली ते विचारलं. तिन्ही बदामाची. तिला तेवढीच आवडतात. मी चारही प्रकार वेगवेगळे वाटले, वेगवेगळे तपासले. बदामाच्यात चारच ग्रॅम निघाले, दुधाच्यात सात, कॅरमेलच्यात दहा, जेलीच्यात अकरा. म्हणजे त्या पोरीला बारा ग्रॅमवर चोवीस ग्रॅमचं इन्शुलिन मिळालं. आठ ग्रॅमचं चॉकलेट आमच्या डब्यात एकही नाही गं. कागदावरच होतं ते.

मी आकडे घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "लोक भेट देतात हा डबा. त्यात औषधाची चिठ्ठी घालू का?" तुला माहीत आहे तुझा बाप कसा आहे, साहेब बोलले की मान हलवून बाहेर येणारा. या वेळी खुर्ची ओढून बसलो आणि बाईंचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. पॅकिंगच्या मुकादमबाई सही घ्यायला आल्या होत्या, त्यांनी झाकण उलटं केलं. आत चॉकलेटांची चित्रं असतात, खाली नावं. "साहेब, नावाला जागा आहे, तर नावाशेजारी एक आकडा मावणार नाही होय?" साहेबांनी झाकण हातात घेऊन नावांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "अक्षर जरा नाजूक ठेवा." गेल्या महिन्यापासून आकडे छापून यायला लागलेत. बाईंना पहिला डबा मी स्वतः नेऊन दिला. त्या पोरीने झाकणावर बोट फिरवत चारही आकडे वाचले आणि आईला म्हणाली, "म्हणजे बदामाची जास्त खाता येतील!" आम्ही दोघंही हसलो. तिची आई हसता हसता डोळे पुसत होती.

परतताना मात्र मला तुझा एक दिवस आठवला. तू नऊ वर्षांची होतीस, आजार कळून जेमतेम चार महिने झाले होते. शेजारच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. मी तुला न्यायला आलो आणि तुझा गाल फुगलेला दिसला. सगळ्या मुलांसमोर मी तुझ्या तोंडात बोट घालून ते चॉकलेट बाहेर काढलं. तू रडली नाहीस. चपला घातल्यास आणि माझ्या पुढे चालत घरी गेलीस. त्यानंतर गादीखाली, पुस्तकांमागे चॉकलेटच्या चांद्या सापडायला लागल्या. आई म्हणायची, "पोर लपून खातेय, कारण समोर खायची तिला भीती वाटते." मी म्हणायचो, शिस्त लागेल. मी घाबरलो होतो, खारू. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं, मला फक्त 'जिवाला धोका' एवढंच ऐकू आलं होतं. चॉकलेटच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने तुझ्या एका चॉकलेटचा आकडा काढून पाहिला नाही. जास्तीत जास्त अकरा ग्रॅम असेल. इन्शुलिन थोडंसं वाढवून तुला ते चघळू देता आलं असतं. चूक तुझी नव्हती. तुला ते त्याच दिवशी कळायला हवं होतं, सतरा वर्षं उशिरा सांगतोय. मला माफ कर.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते झाकण पाहिलं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी अकराला त्यांनी अशा मुलांना आणि आईवडिलांना बोलावलंय, मी त्यांच्याशी बोलावं म्हणतात. मी हो म्हणून बसलो. तयारी करायला घेतली तर अर्ध्या पानात आकडे संपले. त्या माणसांना आकड्यांच्या पुढचं ऐकायला हवंय: ती सुई टोचून घेणाऱ्या मुलाला काय वाटतं, घरच्यांनी काय केलेलं बरं वाटतं आणि काय केलेलं आयुष्यभर सलतं. ते मला कुठून माहीत असणार? तू येशील का? माझ्याबद्दल जे सांगावंसं वाटेल ते सगळं सांग, काही झाकू नकोस. मी माझे आकडे पाच मिनिटांत उरकेन. मग तू बोल. मी खाली आईबापांच्या खुर्च्यांमध्ये बसेन, वही घेऊन.

वाट बघणारा, तुझाच,
बाबा