जागं करायचे शब्द

प्रिय राणी,

आज्जीला पत्र लिहायची बुद्धी कशी झाली म्हणून हसू नकोस. फोन केला की तुझा बाप शेजारी कान लावून बसतो. माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर कोंबडीनं उकरल्यागत आहे, तसंच वाच.

दिवाळीला तू चुलीपुढं लॅपटॉप घेऊन बसली होतीस. तुला पगार कशाचा देतात, म्हणून विचारलं. तू म्हणालीस, मशीन उठताना त्याच्या कर्नेलला, म्हंजे आतल्या मुकादमाला, आधी एक ओळ सांगावी लागते, कुठली डिस्क धर, किती मेमरी घे. त्यातला एकेक शब्द काय करतो, न्हाई सांगितला तर काय होतं, ते लिहून ठेवायचं तुझं काम. मी म्हटलं, एवढं शिकून मशीनची सुईण झालीस व्हय? मग तू 'क्वाएट' शब्द काढून दाखवलास. तो असला की पडदा गप. काढला की आत चाललंय ते सगळं मशीन भडाभडा ओकतं. पुढं डिस्कचं नाव मुद्दाम चुकवलंस, तर ते उठलंच न्हाई. तू हसलीस. मला न्हाई हसू आलं.

तुझा तो गप राहायचा शब्द मीही लावूनच बसले होते. तू फोनवर बरी आहेस का विचारायचीस, मी म्हणायची, मला काय धाड भरलीय. आता काढते तो. काळजाची झडप गेलीय. सोमवारी सांगलीला छाती उघडणार. काळीज थांबवणार आणि मग परत चालू करणार म्हणे. तुझा बाप तानाजी म्हणतो, डॉक्टरांचं रोजचंच काम आहे. त्यांचं रोजचं असेल, माझं पहिलंच. कापायचं भ्या न्हाई गं, तुझ्या बापाला मी उघड्या माळावर जन्म दिलाय. पण ते उठवतील आणि मी उठणारच न्हाई, ह्याचं भ्या आहे.

मला उठवायला नर्स कागदावर बघून 'धोंडुबाई' म्हणून हाक मारील. त्या नावानं मला लग्नापासनं कुणी उठवलेलं न्हाई. 'आज्जी' म्हणतील, तर वॉर्डात सगळ्याच आज्ज्या. रानात मेंढरांशेजारी झोपायचो, तवा तुझा आजा एकच हाक मारायचा, आणि ताप असो, बाळंतीण असो, मी ताडकन उभी. ती हाक तानाजीला तोंडातनं काढवणार न्हाई, रडत बसेल. म्हणून तुला लिहिते. रजा काढून ये. उजव्या अंगाला उभी राहा, डावा कान कामातनं गेलाय. आणि मोठ्यानं म्हण, "तानाजीच्या आये, ऊठ, मेंढरं सुटली." मेंढरं विकून जमाना झाला, ठाऊक आहे मला. तरी म्हण. एकदा म्हणून थांबू नकोस.

तुझीच,
आज्जी